रेंजच्या फणसावरचा चोर

१

हे कुणी खरं मानणार नाही, ते आधीच सांगून ठेवतो. सुपा धरणात बुडालेल्या गावातला एक कोंबडा अजून पहाटे पाण्याखालून आरवतो, हे मी सांगितलं तेव्हाही कुणी मानलं नव्हतं. नका मानू. पण आमच्या गुंद गावात भर दिवसा, झाडाला टांगलेल्या फोनातून बेचाळीस हजार रुपये गेले, फोनला हात लावलेला कुणी दिसला नाही, आणि तो चोर मी शोधला. मी म्हणजे म्हादू, वय बहात्तर, आठवीत शाळा सोडलेला. पोलीस नाही, वकील नाही. डोकं मात्र आहे.

सुरुवात झाली गुरुवारी. अनुसया तालुक्याला, जोयड्याच्या बँकेत गेली होती. ती आमच्या बायकांच्या संघाची अध्यक्ष. चौदा बायकांनी तीन वर्षं दर सोमवारी थोडेथोडे टाकून गावात पिठाची गिरण आणायची ठरवली होती. गिरण नाही म्हणून डोक्यावर दळण घेऊन किती कोस चालायचं, ते त्या बायकांच्या मानेला विचारा. ते पैसे अनुसयाच्या खात्यात होते आणि गुरुवारी तिला गिरणवाल्याला ॲडव्हान्स द्यायचा होता.

काउंटरवरच्या पोरीनं कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडं वळवला. शिल्लक दोनशे बारा.

"काल अकरा वीसला आणि अकरा तेवीसला गेलेत, अक्का. कार्डावरून, ऑनलाइन. ओटीपी कुणाला सांगितलात?"

"मी काल दिवसभर भात कापत हुते," अनुसया म्हणाली. "फोन माझ्याजवळ न्हवताच."

"मग कुणाजवळ होता?"

याचं उत्तर अख्ख्या गुंदाला पाठ होतं.

२

गुंदात रेंज नाही. घरात नाही, शेतात नाही, देवळात नाही. शाळेमागच्या टेकाडावर एक जुना फणस आहे, त्याच्याखाली मात्र तीन-तीन काड्या येतात. म्हणून आमच्याकडं माणसं रेंजला जात नाहीत, फोन जातात. बाळी रोज सकाळी टोपली घेऊन घरोघर फिरते, अकरा फोन गोळा करते आणि फणसाच्या खोडाला मारलेल्या खिळ्यांवर पिशव्यांतून टांगते. दिवसभर तिथंच जळण गोळा करते, गुरं राखते आणि दुपार कलली की सगळ्यांचे मेसेज पोटात घेऊन फोन खाली आणते. नवरा गेल्यापासून तिचं घर यावर चालतं. घरटी महिन्याला दोन किलो तांदूळ.

आता बाहेरचा माणूस हसेल अशी गोष्ट. आमच्या एकाही फोनला कुलूप नव्हतं. कुलूप लावलं तर वर गेलेल्या माणसानं तुमचा मेसेज वाचायचा कसा आणि खाली येऊन तुम्हाला सांगायचा कसा? केशरच्या लेकीला मुलगा झाला हे केशरच्या आधी चौघांना कळलं होतं आणि केशरला त्याचं काही वाटलं नव्हतं. शिवाय एटीएमचं कार्ड फोनच्या कव्हरात, मागच्या बाजूला खोचलेलं. जोयड्याला जाणाऱ्या कुणालाही फोन दिला की कार्डही गेलं. सोय.

त्यामुळं गुरुवारी संध्याकाळपर्यंत गावानं निकाल देऊन टाकला. फोन बाळीजवळ, कार्ड फोनमागं, कुलूप नाही. ओटीपी आला तो तिनं बघितला आणि कुणाला तरी सांगितला. दुसरं कोण?

बँकेतल्या पोरीनं अनुसयाचं कार्ड बंद करून तिथूनच ऑनलाइन चोरीची तक्रार घेणाऱ्या १९३० नंबरला फोन लावून दिला होता. सतरा हजार कुठंतरी वाटेत अडले. बाकीचे पळाले. "कालच लावला असता तर जास्त वाचले असते," ती पोरगी म्हणाली म्हणे. काल आमचा फोन झाडावर होता, आम्ही शेतात होतो.

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात संघाची बैठक ठरली. विषय एकच. बाळीचं नाव संघातून काढायचं आणि टोपली काढून घ्यायची.

शुक्रवारी सकाळी बाळी माझ्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

"मामा, तुमी गावात सगळ्यांत हुशार. आयतवाराच्या आत चोर शोधा. न्हाईतर मी पोरींना घिऊन कुठं जाऊ?"

मला हुशार म्हटलं की मी उठतोच. पण त्या दिवशी उठताना गुडघे जरा जास्तच वाजले.

३

पहिली चौकशी बाळीचीच. नियम म्हणजे नियम.

"बुधवारी अकरा वीसला कुठं हुतीस?"

"फणसाखालीच. शेण गोळा करत हुते."

"अनुसयाचा फोन वाजला?"

बाळीनं आठवून बघितलं. "न्हाई. बाकीचे टिंग टिंग करत हुते. तिचा गप हुता. मला वाटलं, बॅटरी गेली."

हे मी मनात टिपून ठेवलं. ज्या फोनवर दोन ओटीपी आले, तो फोन वाजलाच नाही.

"आनी मामा, आकडे मला कळतात, पन इंग्रजी मजकूर मी वाचते व्हय? मी फोन वळखते कव्हरावरनं. अनुसयाक्काचा लाल, तुमचा फुटका."

"वर अजून कोण हुतं?"

"विठ्ठलशेट. आनी अनिकेत."

विठ्ठल रामनगरचा व्यापारी. त्याचे वाडवडील खानापूरकडचे. आमच्याकडून सुपारी आणि काजू घेतो, आणि गावात आला की फणसाखाली खुर्ची टाकून तासभर मार्केटशी भांडतो. शुक्रवारी तो तिथंच होता. मी जवळ जाताच त्यानं फोन पालथा मांडीवर ठेवला.

"नवा फोन दिसतोय, शेट."

"मग? फोन घ्यायला तुझी परवानगी लागती?"

"बुधवारच्या बेचाळीस हजारातला न्हाई न्हवं?"

विठ्ठल खुर्चीतून उठला. त्याचं पोट जरा मागून उठलं. "म्हादबा, मी काजू मोजताना काटा जरा इकडं दाबतो, त्ये तुला ठाऊक हाय, मला ठाऊक हाय. पन बाईमाणसाचा फोन? थू! बुधवारी मी इथं बसून गोव्याच्या पार्टीशी बोलत हुतो. बाळी पलीकडं शेण वेचत हुती. फोनजवळ कुणी फिरकलं न्हाई. मी सोडून बाकी समदे खोटं बोलत्यात असं समज, पन हे खरं हाय."

बेरकी माणूस काटा दाबल्याचं कबूल करतो तेव्हा बाकीचं खरं असतं, असा माझा अनुभव. म्हणजे बुधवारी फोनला कुणी हातच लावला नव्हता. मग ओटीपी गेला कसा?

खाली उतरताना बघतो तर गावाचं रूप पालटलेलं. केशर ओट्यावर बसून फोनला कुलूप घालत होती. मला बघून तिनं पदराआड बोट फिरवलं. मी पुढं गेलो तरी पाठीमागनं तिचा आवाज आला, "बघू नका ओ भावजी!" चाळीस वर्षं या गावात कुणी दाराला कडी घातली नव्हती आणि आता एकमेकांकडं पाठ करून बसायला लागले होते.

४

तिसरा अनिकेत. गणेशगुडीला राफ्टिंगच्या लॉजवर काम करतो. काळी नदीत शहरातल्या लोकांना होडीतून आपटत नेतो आणि त्याचे पैसे घेतो. फोनातलं त्याला सगळं कळतं, म्हणून संशय त्याच्यावर जास्त. बुधवारी त्याची सुट्टी होती.

शनिवारी सकाळी तो अंगणात नव्या टायरला हवा भरत होता.

"टायर कितीला?"

पंप थांबला. "अज्जा, सरळ विचार की. मी चोर हाय का म्हनून."

"हायस का?"

"असतो तर सतराशेचा टायर घेतला असता? गाडीच घेतली असती." मग पंप बाजूला ठेवून म्हणाला, "ओटीपी वाचून कुणी सांगितला असं समदे म्हनत्यात. पन हल्ली वाचायला माणूस लागत न्हाई. अनुसयाक्काचा फोन आन, मग सांगतो."

अनुसयानं फोन फडक्यात गुंडाळून तांदळाच्या कणगीत पुरून ठेवला होता. कुणाला देईना. मी गेल्यावर बाहेर काढला.

"भावजी, तुमच्यावर इस्वास हाय म्हनून दितीय. चौदा जणींचा घाम हाय त्यात. बाळीनं असं करावं?"

मी फोन घेऊन आलो.

अनिकेतनं पहिल्यांदा आतलं सिमकार्ड काढून ठेवलं. मग सेटिंगमध्ये शिरून ॲपांची सगळी जंत्री उघडली आणि बोट सरकवत खाली गेला. एका ठिकाणी थांबला.

"हे बघ. याला चित्र न्हाई. म्हनून बाहेर दिसत न्हाई. नाव काय, तर 'यादी'."

व्हॉट्सॲपमध्ये त्याचं मूळ सापडलं. एका अनोळखी नंबरवरनं आलेला मेसेज. फोटोच्या जागी सरकारी शिक्का. खाली लिहिलेलं: रानडुक्कर व गवे यांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई, मंजूर नावांची यादी, आजच पाहा. आणि खाली ती फाईल.

वाचकहो, आमच्याकडं लग्नाची पत्रिका आली तर माणूस सावकाश उघडेल. पण डुकरानं भात नासलेल्या गावात भरपाईची यादी आली, तर कुणाचं बोट थांबेल?

"यादी असंल तर फोटो येतो न्हाईतर कागूद येतो," अनिकेत म्हणाला. "हिच्या शेपटाला एपीके लिवलंय. ही यादी न्हवं, हे यंत्र. आत बसलं की फोनवर येनारा मेसेज गपचूप चोराकडं जातो. इथं वाजत बी न्हाई. जी यादी तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागती, ती कसली यादी?"

"व्हय, आनी ते हिरवं बटन दाबलं की फॉर्म उघडतो," मी म्हणालो.

अनिकेतनं मान वर केली. "तुला कसं ठाऊक?"

"अनुभव," मी म्हणालो. "पुढं बोल."

"फॉर्ममधी कार्डाचा नंबर, पाठीमागचे तीन आकडे. समदं भरलंय. एवढं चोराला मिळालं की उरला फक्त ओटीपी, तो यंत्रानं पाठवला. चोर दिल्लीत असो न्हाईतर दुबईत. त्याला गुंदात यायची गरज न्हाई."

"मग गावातला कुणी चोर न्हाई!"

"चोर न्हाई. पन हे आत घेतलं कुणीतरी." त्यानं ॲपवर बोट दाबून धरलं. तारीख उघडली. "बुधवारी न्हाईच, अज्जा. आदल्या दिवशी. मंगळवार, दुपारी बारा दहा."

५

मंगळवार!

बाळी मंगळवारी गावात नव्हती. धाकटीच्या आधार कार्डासाठी ती सकाळच्या बसनं जोयड्याला गेली होती आणि दिवे लागायच्या सुमाराला परत आली. ड्रायव्हरनं तिला बघितलं, अर्ध्या गावानं बघितलं. बारा दहाला ती रांगेत उभी होती. मंगळवार धरला की बाळी सुटते. एका झटक्यात.

अनिकेत मंगळवारी नदीत होता. त्यानं फोटो दाखवले. सहा बायका किंचाळताहेत आणि हा दात काढतोय, वेळ बारा पाच. विठ्ठल मंगळवारी अणशी गावात सुपारी भरत होता, तिथल्या दोघांनी सांगितलं. अनुसया स्वतः शेतात.

"मग मंगळवारी वर कोन..." अनिकेतनं सुरुवात केली.

"चहा टाक," मी म्हणालो.

"न्हाई पन अज्जा, फोन झाडाला..."

"साखर कमी घाल. आनी ते यंत्र काढून टाक आदी."

त्यानं आधी तारीख दिसेल असा पडद्याचा फोटो आपल्या फोनवर काढून घेतला, मग ॲप उपटलं, बँकेचा पासवर्ड जोयड्याला जाऊन बदलायचा असं अनुसयासाठी कागदावर लिहिलं आणि चहाचं भांडं ठेवलं. पण माझ्याकडं बघत राहिला. मी भांड्याकडं बघत राहिलो.

दुपारी मी एकटाच फणसाखाली जाऊन बसलो. माझ्यापुढं दोन वाटा होत्या. उद्या बैठकीत मंगळवारचं नाव काढायचं, किंवा नाही काढायचं. नाही काढलं तर बाळी जाते. काढलं तर बाळी राहते, पण लोक विचारणारच की मंगळवारी काय झालं, आणि त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागणार. उत्तर असं पाहिजे की पुढं कुणी विचारूच नये.

वर खसखस झाली. एक काळतोंड्या वांदर फांदीवरनं माझ्याकडं बघत होता. शेपूट खाली सोडलेली, बोटं लांबसडक.

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं.

चोर सापडला.

६

रविवारी चारला शाळेचा व्हरांडा गच्च भरला. चौदा बायका, त्यांच्यामागं नवरे, खांबाला टेकून विठ्ठल, पायरीवर अनिकेत. बाळी सगळ्यांत मागं, भिंतीला पाठ लावून. रिकामी टोपली तिनं अनुसयापुढं आणून ठेवली होती. कुणी मागायच्या आत.

मी उभा राहिलो. एकेक गोष्ट उलगडून सांगितली. फोन वाजला नाही, म्हणजे ओटीपी गपचूप गेला. गपचूप गेला, म्हणजे आत यंत्र होतं. यंत्र आलं यादीच्या सोंगानं. आणि ते आत घेतलं मंगळवारी, बारा दहाला, बाळी जोयड्यात रांगेत असताना.

अनिकेतनं फोन वर करून तारखेचा फोटो दाखवला. अनुसयानं तो हातात घेऊन बघितला. पुन्हा बघितला. मग मागं वळून बाळीकडं बघितलं, आणि तिला नजर वर ठेवता येईना.

"बाळे," ती म्हणाली, "मी काय काय बोलले ग तुला."

भिंतीपासून बाळीची पाठ सुटली.

"मत्ते, मग कोण ते?" केशर म्हणाली. "मंगळवारी बटन दाबलं कुणी?"

आता माझी पाळी. मी आवाज खाली आणला. गोष्ट मोठी करायची असेल तर आवाज लहान करावा लागतो.

"बायांनो, तुमी इस्वास ठेवनार न्हाई. वांदरानं."

विठ्ठल फुटला. "आरं तिच्या!"

"हसू नगा! त्या फणसावरचा थोरला वांदर. रोज तुमचं बघून बघून शिकलाय. मंगळवारी फोन वाजला, त्यानं पिशवीत हात घातला, लाल कव्हर आवडलं त्याला, आनी वरनं बोट फिरवलं. कुलूप न्हाईच! उघडला फोन. मी म्हनतो, वांदराची चूक न्हाई. कुलूप नसलेला फोन झाडाला टांगनारे आपन. उद्यापास्नं कुलूप घाला, कार्ड घरात ठिवा, आनी यादी कसलीबी येऊंदे, अनिकेतला दाखवल्याबगर कुणी उघडायची न्हाई. झालं, मिटलं."

"अज्जा," अनिकेत पायरीवरनं म्हणाला, "यंत्र आत घ्यायला तीनदा व्हय म्हनावं लागतं. फोन तीनदा विचारतो."

"वांदर चावट असतो. तीनदा दाबलं."

"आनी कार्ड कव्हरातनं काढून सोळा आकडे भरले?"

"त्यांची नजर लई बारीक असती..."

"पाठीमागचे तीन पन? उलटं करून?"

"उलटं करून. त्यात काय अवघड? फणस सोलतो की तो!"

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. अनुसयाही. मला वाटलं, निभलं. हसलेला माणूस पुढं विचारत नाही. टोपली मी उचलली, दोन्ही हातांनी, मानानं, आणि गर्दीतनं वाट काढत बाळीपुढं नेली.

"घे बाई. तुझी तुला."

बाळीनं टोपली घेतली नाही. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. रागानं नाही. हिशोब जुळल्यावर माणूस बघतो तसं.

"मामा, मंगळवारी मी बसला गेले," ती म्हणाली, मोठ्यानं, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. "तवा ही टोपली फणसापातुर वांदरानं न्हेली व्हय? तुमच्या हातात दिऊन गेल्ते की मी!"